वन्सं, वाळू धुतलेली नाही

वन्सं, तुम्ही गेलात आणि घर हलकं झालं.

हे वाक्य तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्ही चष्म्याच्या वरून बघत म्हणाला असतात, "कमल, आधी विचार करावा, मग बोलावं." तेव्हा विचार करूनच लिहिते आहे. गेले दोन पावसाळे तुमच्या छातीत दम्याचा भाता चालला होता. भाकरी थापत असले काय नि आडावर पाणी शेंदत असले काय, माझा एक कान कायम तुमच्या श्वासाकडे असायचा. त्या सकाळी तो आवाज थांबला तेव्हा मला आधी रडू आलं नाही. मी एक मोठा श्वास घेतला. रडणं मागाहून आलं, चांगलं भरपूर आलं, पण त्याच्या आधी सुटका आली. तुमची आली तशी माझीही आली. नणंद-भावजयींनी एकमेकींशी इतकं खरं बोलायला आता हरकत नसावी.

पण मी लिहायला बसले ते एवढ्यासाठी नाही. तुम्ही आणखी आठवडाभर थांबायला हवं होतंत. तुमच्या माशांची एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत तुम्ही जन्मभर शिकवलंत. लग्न केलं नाहीत, आणि का केलं नाहीत हे कुणाला विचारूही दिलं नाहीत. त्याच शाळेत मंगळूरकडच्या एक बाई होत्या. सुट्टीहून परत येताना त्यांनी तुम्हाला मासोळ्यांची जोडी आणून दिली. समुद्राचं पाणी नदीत शिरतं तिथे, अर्धवट गोड नि अर्धवट खाऱ्या पाण्यात त्या असतात. हळदीत केशर कालवावं तसा रंग, कुशीवर एक काळा टिळा. कोकणातली माणसं काळुंदर म्हणून जो मासा खातात, त्याची ही धाकटी भावंडं, आणि सगळ्या कुळाला सिक्लिड म्हणतात, हे तुम्ही मला फळ्यासमोर उभं केल्यासारखं शिकवलंत. मी म्हटलं, "वन्सं, आपल्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, आणि तुम्ही मासे कसले पाळता?" तर म्हणालात, "पाळते म्हणूनच वाचलेत."

या कुळाची एक गोष्ट तुम्हाला फार भावली होती. बाकीचे मासे अंडी टाकून आपल्या वाटेनं जातात. हे तसे नव्हेत. ह्यांच्यात आई आणि बाप दोघं पहारा देतात आणि पिल्लं बाहेर पडली की त्यांना घेऊन हिंडतात. "कमल, एकदा तरी मला ते बघायचंय. दोघं पुढेमागे नि मध्ये पोरं," असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात. मला तेव्हा ते एखाद्या पोक्त बाईचं खूळ वाटलं. पुढं त्या एका इच्छेपायी आपण दोघींनी काय काय केलं ते आठवलं की हसू येतं.

नोकरी सुटल्यावर तुम्ही सांगलीला भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आलात. काचपेटी पार्सलनं आली ती एक काच तडकवून. मासोळ्या मात्र तुम्ही स्वतः पितळी घागरीतून, तोंडाला धुवट फडकं बांधून, आगगाडीनं आणल्यात. लढाईचे दिवस, डब्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही घागर मांडीवर घेऊन बसलेल्या. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "आवं बाई, कासीचं पानी व्हय?" तुम्ही खोटं बोलणार नाही आणि खरं सांगायची सोय नाही. नुसतं म्हणालात, "हात लावू नका." झालं! म्हातारीनं घागरीला नमस्कार केला, तिचं बघून डबाभर बायकांनी केला. कुणीतरी वर फूलही वाहिलं. मिरजेला हे उतरवून घ्यायला आले तेव्हा ते फूल तसंच होतं, आणि तुमचा चेहरा वर्गात कुणीतरी हसल्यावर व्हायचा तसा कडक होता. घरी आल्यावर मात्र सोप्यात बसून आपण दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. माझी तुमची मैत्री त्या दिवसापासूनची.

मग नवी काच आली, कडांना लांबीचा लगदा भरून बसवली. कृष्णेच्या पात्रातली वाळू आली. आडाचं पाणी आधी घंगाळात ठेवायचं, निवळलं की त्यात खडेमीठ टाकायचं, तुम्ही जिभेला लावून बघायचं आणि मगच ते पेटीत. मंगळुरी कौलाचा एक तुकडा मध्ये आडवा ठेवलात, आणि मासोळीनं खरोखरच त्यावर अंडी घातली. मोहरीहून लहान, पिवळसर, एकेका बारीक देठावर उभी. दोघं आळीपाळीनं पंखांनी वारा घालत होते. आमच्याकडे भांडी घासणारी शेवंता कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "बाईसाब, खायाचं न्हाईत तर एवढं करायचं कशाला वो?" तुमचं लक्ष कौलावर होतं.

आणि एका सकाळी कौल रिकामं. लख्ख. एक अंडं नाही.

मंगळूरच्या बाईंनी तुम्हाला सांगून ठेवलं होतं की हे मासे बिथरले तर आपलीच अंडी खातात. तुमचा चेहरा पार उतरला. मग तुम्ही पदर खोचलात. मासोळ्या घंगाळात काढल्यात, पेटीतलं सगळं पाणी मोरीत ओतलंत, आणि वाळू धुण्याच्या दगडावर पसरून खळाखळा धुतलीत. घरात माणूस गेलं की भरलेलं पाणी ओततात ना, तसं. "पोरं खाल्लेल्या घरातलं पाणी मी ठेवणार नाही," म्हणालात. स्वतः डोक्यावरून अंघोळ केलीत. माशांच्या पोरांचं सुतक पाळणारी सांगलीत तुमच्याइतकी दुसरी कुणी नसेल.

पुढं तोच क्रम पडला. अंडी यायची, दोघं राखायचे, एक दिवस कौल रिकामं व्हायचं, आणि शेवंता न सांगता घंगाळ ओढायला लागायची. त्या दिवसांत दोघं तोंडानं वाळू उचलून कोपऱ्यात खड्डे करायचे. तुम्ही म्हणायचात, "बघ, पोरं खायची आणि वर तोंड लपवायला जागा उकरायची." मी त्यांना नावं ठेवू बघितली, तर तुम्ही ठेवू दिली नाहीत. असल्यांना नावं कशाला, म्हणालात.

माझं म्हणणं वेगळं होतं. एकादशीला तुम्ही त्यांना डासांच्या अळ्या घालायच्या नाहीत. घरात उपास असताना जीव मारून जीवाला घालायचा नाही म्हणे! त्याऐवजी वऱ्याच्या तांदळाचे दाणे. दोघं ते दाणे तोंडात घ्यायचे नि थुंकायचे. मी म्हणायची, "वन्सं, भुकेपोटी खातात हो ती. माशांना कसली एकादशी?"

"तुला उपास झेपत नाही म्हणून त्यांच्या नावावर भांडतेस."

"मला झेपत नाहीच. पण मी माझी पोरं खाल्ली नाहीत."

यावर तुम्ही हसायचात. पण एकदा हसला नाहीत. म्हणालात, "सगळे आईबाप सारखे नसतात, कमल. भूक नसतानाही टाकणारे असतात."

तुम्ही कुणाबद्दल बोलताय ते मला कळलं होतं. तुम्ही लहान असताना सांगलीत प्लेग आला. माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. तुम्हाला एका पहाटे बैलगाडीत घालून साताऱ्याला आत्याकडे धाडलं, आणि तुमचा धाकटा भाऊ अंगावर पिता म्हणून इथेच राहिला. आई निरोप द्यायला दारातसुद्धा आली नाही, हे तुम्ही आयुष्यभर छातीशी धरलंत. आईचं नाव घ्यायची वेळ आली तर तुम्ही "दत्तूची आई" म्हणायचात. दत्तू म्हणजे आमचे हे.

सासूबाई जाण्याआधी एकदा माझ्याजवळ बोलल्या होत्या. मी ते तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते मानलं नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या सासूला गाठ आलेली. तिचं सगळं मी करत होते. त्या हातांनी पोरीला जवळ कशी घेऊ? दाराआडून बघितलं, गाडी दिसेनाशी होईस्तोवर." मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही कितीतरी वेळ सुपारी कातरत राहिलात. मग म्हणालात, "दाराआडून बघितलेलं मला कसं कळणार गं?" आणि थोड्या वेळानं, "बरं, गाठ आली. मग प्लेग गेल्यावर बोलावून का नाही घेतलं?"

सासूबाईंना मी ते विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं का, देव जाणे. वन्सं, आपला हा वाद अर्धाच राहिला, आणि तो संपवायची मला आता घाईही नाही.

या चैत्रात तुमचं उठणं-बसणं थांबलं तेव्हा तुम्ही खाट सोप्यात, काचपेटीशेजारी लावायला सांगितलीत. माशांचं सगळं माझ्याकडे आलं. पहिल्याच एकादशीला मी हौदातल्या अळ्या गाळून आणल्या आणि तुमच्या देखत पेटीत सोडल्या. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी तयारीत होते. तुम्ही बघितलंत आणि डोळे मिटून घेतलेत. तुम्ही वाद घालायचा सोडलात, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग पुन्हा अंडी आली. तुम्ही उशांना टेकून दिवसभर कौलाकडे बघायचात. अंड्यांत काळे ठिपके दिसायला लागले ते तुम्हीच मला दाखवलंत. "डोळे आले बघ," म्हणालात. धाप लागलेली असतानाही तुम्ही हे दोनदा म्हणालात. मी देवाला म्हटलं, एवढं एक होऊ दे. माझ्या पोरांच्या परीक्षांसाठीसुद्धा मी देवाला इतकं साकडं घातलं नसेल.

त्या शेवटच्या सकाळी मी तुमचं तोंड पुसत होते. तुम्ही माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलंत.

"कमल, कौल रिकामं झालं."

मी वळून बघितलं. लख्ख. मेल्यांनी आजचाच दिवस निवडावा, असं वाटून मला त्या दोघांना उचलून आपटावंसं वाटलं. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "शेवंताला हाक मारते. घंगाळ काढतो, वाळू धुऊन घेतो."

तुम्ही हात हलवलात. "नको. राहू दे."

"अहो, पण तुमचं ते पाणी..."

"राहू दे म्हणते ना. त्यांचंही काही असेल. आपल्याला सगळं कळतंच असं नाही." मग जरा थांबून, "चहा टाक थोडा. आलं घाल."

मी आलं ठेचून चहा टाकला. गाळताना लक्षात आलं की भाता ऐकू येत नाही.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही, रीत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी हंडे, घागरी, पिंप, सगळं भरलेलं पाणी ओतायला लावलं. ओतता ओतता त्या काचपेटीपाशी आल्या. "हे पण पाणीच की," म्हणाल्या. शेवंतानं तांब्या बुडवलासुद्धा. मी तिचा हात धरला.

"त्याला हात लावायचा नाही. वन्सं नको म्हणाल्यात."

"अगं, पण घरात प्रेत असताना..."

"त्याच नको म्हणाल्यात, काकू. आत्ताच."

गेलेल्या माणसाचा शब्द म्हटल्यावर काकू पुढच्या हंड्याकडे वळल्या. मला शोकानं वेड लागलंय असंच सगळ्यांना वाटलं असणार. खरं सांगू का, मलाही कारण माहीत नव्हतं. आतापर्यंत दर वेळी "धुवा" म्हणणारी बाई शेवटी "राहू दे" म्हणून गेली, तर ते राहू द्यावं, इतकंच मला कळत होतं.

सुतकात हाताला काम नसतं. मी सोप्यात तुमच्या रिकाम्या खाटेशेजारी बसायची आणि पेटीकडे बघायचंही टाळायची. दोघं एका कोपऱ्यात, आपल्या खड्ड्यावर, पंख हलवत उभे असायचे. अजून तोंड लपवतायत, असं मीही म्हटलं. तुमची सवय मला लागली होती.

दहाव्याच्या आदल्या दिवशी शेवंता केर काढत होती. एकदम केरसुणी टाकून ओरडली, "आवं वैनी, काचंत धूळ उडालीया बगा! आन् ती धूळ चाललीया!"

धूळ नव्हती, वन्सं. पिल्लं होती. त्यांचा एक लहानसा ढग त्या खड्ड्यातून वर आला होता. टोकाला आई, पाठीमागे बाप, मध्ये पोरं, अगदी तुम्ही म्हणाला होतात तस्सं. एक पिल्लू वाट चुकून काचेकडे गेलं. बाप झेपावला आणि त्यानं ते गिळलं. माझ्या तोंडून "मेल्या!" निघालं. तेवढ्यात तो मागे फिरला, ढगापाशी आला आणि त्यानं ते पिल्लू अलगद तोंडातून बाहेर सोडलं. पिल्लू जसंच्या तसं पोहत भावंडांत मिसळलं.

तेव्हा मला उलगडा झाला. इतकी वर्षं आपण ज्याला खाणं म्हणत होतो ते हे होतं. अंडी फुटली की पोरांना पोहता येत नाही, आणि उघड्या कौलावर ती कुणालाही सापडतील. म्हणून त्यांना तोंडात धरून, एकेक करून, खड्ड्यात नेऊन ठेवायचं आणि वर पहारा द्यायचा. कौल रिकामं दिसायचं ते त्यामुळे. आणि कौल रिकामं दिसलं की आपण वाळू धुवायला काढायचो. माझी एकादशीही चूक निघाली आणि तुमचं पोरं खाणंही.

हे तुम्हाला कळलं नाही याचं मला आधी वाईट वाटलं. दर वेळी मोरीतून काय वाहून गेलं हे कळलं असतं तर तुमचा दमा तुम्हाला परवडला असता, ते परवडलं नसतं. पण मग वाटलं, बरंच झालं. काही एक न कळता, रिकाम्या कौलाकडे बघत, तुम्ही त्यांना माफ करून टाकलंत. त्या दोघांनाच केलंत की आणखी कुणाला, ते मी विचारणार नाही. हिशोब कळल्यावर कुणीही माफ करतं. तुम्ही आधीच केलंत, आणि म्हणून ही पोरं जगली. त्या सकाळी रीतीप्रमाणे वाळू धुतली असती तर आज काय राहिलं असतं?

आता ती आईच्या कुशीला तोंडं लावून काहीतरी टिपत असतात, अंगावरचं काय असेल ते. ती जागची हलत नाही. टिपू देते.

मी काचेपाशी गेले आणि मोठ्यानं म्हटलं, "वन्सं, खाल्ली नव्हती हो. नुसती जागा बदलली होती."

शेवंता माझ्याकडे बघत राहिली. "वैनी, कुनाशी बोलताय?"

"बाईंशी."

"मंग जरा मोट्यानं सांगा की," ती डोळे पुसत म्हणाली. "बाईस्नी अलीकडं कमी ऐकू येत हुतं." मी पुन्हा सांगितलं, चांगलं मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी हे घाटावरून परतले ते जरा गोंधळूनच. पिंडाला कावळा सहजी शिवणार नाही, तुमचा जीव माशांत अडकलेला असणार, असं सगळ्यांचं मत पडलं होतं. मासे सांभाळू, पाणी बदलू, मीठ विसरणार नाही, अशी वचनंही सगळे तयार ठेवून गेले होते. हे पाय धुता धुता म्हणाले, "नवलच झालं. मी हात जोडून तोंड उघडतो न उघडतो तोच कावळा शिवून उडूनसुद्धा गेला. अक्कानं एक शब्द बोलू दिला नाही."

मी त्यांच्या हातावर पंचा ठेवला आणि म्हटलं, "त्यांना कालच सांगितलंय."